‘पुस्तक काढा’ असं निवेदन आलं, तर ग्रंथपालाने काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालय. दहा-बारा जण आले आणि निवेदन देऊन गेले. त्यांचं म्हणणं, एका इतिहासविषयक पुस्तकात थोर पुरुषाची बदनामी आहे, हे ‘बंदी असलेलं पुस्तक’ आहे, आठ दिवसांत काढा, नाहीतर परिणामांना तयार राहा. कार्यवाह म्हणतात, वाद नको, निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून कमी करायच्या पुस्तकांच्या, यादीत घालून टाका. त्यात शेजारच्या हायस्कूलला तुम्ही पेटीतून पुस्तकं देता, तिथल्या एका पालकाने नववीतल्या मुलीच्या हाती आलेल्या दलित आत्मकथनातल्या शिव्यांबद्दल तक्रार केली आहे. पुस्तक ठेवलं तर गुन्हा होईल का आणि काढलं तर चुकेल का, हे तुम्ही विचारलंत.

पुस्तक चांगलं की वाईट, या वादात ग्रंथपालाने पहिल्या दिवशी शिरूच नये. तुमच्यापुढचा खरा प्रश्न अधिकाराचा आहे. हे पुस्तक मांडणीवरून काढायचा अधिकार कोणाला आहे आणि त्याने तो कागदावर वापरला आहे का, एवढंच आधी पाहायचं. आपल्याकडे ग्रंथालयातली पुस्तकं सरकारी आदेशाने फार कमी जातात. ती जातात कार्यवाहांच्या एका फोनने, बांधणीच्या निमित्ताने, ‘सध्या वाचकाकडे आहे’ या उत्तराने. मागे कागद राहत नाही, म्हणून नंतर ती परत आणायचा रस्ताही राहत नाही. पुढचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे. जे होईल ते लेखी व्हावं.

आधी ‘बंदी’ या शब्दाचा गुंता सोडवू, कारण चार वेगवेगळ्या गोष्टींना लोक हा एकच शब्द वापरतात.

खरी बंदी म्हणजे सरकारजमा करण्याचा आदेश. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली निघायचा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली निघतो. राज्य सरकारला असं वाटावं लागतं की पुस्तकातल्या मजकुराने ठरावीक गुन्ह्यांपैकी एखादा होतो, म्हणजे समाजगटांत वैर पसरवणं, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं, अश्लीलता वगैरे. मग सरकार अधिसूचना काढतं आणि तिच्यात आपल्या मताची कारणं द्यावी लागतात. ही कारणांची अट महत्त्वाची आहे. उत्तर प्रदेश सरकारने पेरियारांच्या रामायणावरच्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद जप्त केला होता. तो आदेश कारणं न दिल्यामुळेच अलाहाबाद उच्च न्यायालयात टिकला नाही आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचं अपील फेटाळलं. अधिसूचना निघाल्यावर दोन महिन्यांच्या आत, पुस्तकात हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती उच्च न्यायालयात जाऊ शकते आणि प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे चालतं.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आदेश कोणत्याही राज्याचा असो, कलमाच्या शब्दांप्रमाणे पोलीस ती प्रत भारतात कुठेही जप्त करू शकतात. जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने ५ ऑगस्ट २०२५ ला २५ पुस्तकं याच कलमाखाली सरकारजमा केली. त्यात अरुंधती रॉय आणि ए. जी. नूरानी यांची पुस्तकं आहेत. ती साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या ग्रंथालयात असली तर ‘आदेश तिकडचा आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

दुसरा प्रकार सीमाशुल्काचा. सलमान रश्दींच्या ‘द सटॅनिक व्हर्सेस’वर ऑक्टोबर १९८८ मध्ये आली ती आयातबंदी. या पुस्तकाचा शेवट मासलेवाईक आहे. ते मागवता यावं म्हणून एका वाचकाने दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा सरकारला मूळ अधिसूचनाच सापडेना. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की अशी अधिसूचना अस्तित्वात नाही असंच धरावं लागेल. ज्या कागदाच्या जोरावर छत्तीस वर्षं गेली, तो कागदच जागेवर नव्हता. म्हणून कोणी ‘बंदी आहे’ म्हणाला की अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख मागायची. हा अडवणुकीचा प्रश्न नाही, नोंदवहीत लिहायला तो लागतोच.

तिसरा प्रकार प्रकाशकाच्या माघारीचा. वेंडी डोनिगर यांच्या ‘द हिंदूज’बाबत फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रकाशकाने दिवाणी दाव्यात तडजोड केली आणि शिल्लक प्रती मागे घेऊन नष्ट करण्याचं मान्य केलं. ते प्रकाशकाने स्वतःवर घातलेलं बंधन. ग्रंथालयाने आधी विकत घेतलेल्या प्रतीशी त्याचा संबंध नाही. न्यायालयाचा मनाई हुकूम असेल तर गोष्ट निराळी. तो हुकूम कोणाविरुद्ध आहे आणि काय करू नका म्हणतो, हे वाचून ठरवायचं.

चौथा प्रकार म्हणजे नुसता बोलबाला. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाद गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य शासनाचा पुरस्कार शासन निर्णय काढून रद्द केला गेला. पुरस्कार रद्द झाला, पुस्तकावर बंदी आली नाही. तरी ‘ते बंदीतलं ना?’ असं विचारत आजही लोक येतात. अभ्यासक्रमातून वगळलेल्या पुस्तकांचंही तेच. रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढली गेली, म्हणून ती ग्रंथालयात ठेवणं गैर ठरत नाही. शासनमान्य ग्रंथांच्या यादीत नाव नसणं हा खरेदी-अनुदानाचा विषय आहे, बंदीचा नव्हे.

तुमचं पुस्तक यांपैकी कशात बसतं ते शोधायला दोन दिवस पुरतात. शासनाच्या राजपत्राच्या संकेतस्थळावर गृह विभागाच्या अधिसूचना पाहा. त्याच दिवशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पत्र लिहा: ‘पुढील पुस्तकाबाबत शासनाची सरकारजमा करण्याची अधिसूचना अस्तित्वात असल्यास तिची प्रत मिळावी.’ उत्तर उशिरा येईल, कदाचित येणारही नाही, पण तुम्ही विचारल्याची जावक नोंद राहील. इंटरनेटवरच्या ‘भारतात बंदी असलेली पुस्तकं’ छापाच्या याद्यांवर विसंबू नका. त्यात आयातबंदी, मागे घेतलेली, रद्द झालेल्या आदेशांची, सगळी एकाच गाठोड्यात असतात.

रद्द झालेले आदेश ही आपल्याकडची मोठी अडचण आहे आणि जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचं प्रकरण प्रत्येक मराठी ग्रंथपालाने तारखांसकट माहीत करून घ्यावं असं आहे. पुस्तक २००३ चं. त्याच नोव्हेंबरमध्ये प्रकाशकाने ते भारतातून मागे घेतलं. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस झाली. संस्थेने ते पुस्तक लिहिलंही नव्हतं आणि छापलंही नव्हतं, लेखकाने ऋणनिर्देशात तिथल्या अभ्यासकांचे आभार मानले होते, इतकंच. शासनाची बंदी हल्ल्यानंतर आली. तिला आव्हान दिलं गेलं आणि एप्रिल २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ९ जुलै २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कोणत्या दोन समाजगटांत वैर निर्माण होईल, हे अधिसूचनेत सांगितलेलंच नव्हतं, हा तिच्यातला एक मोठा दोष होता. म्हणजे मागे घेतलं प्रकाशकाने, बंदी घातली सरकारने, ती उठवली न्यायालयाने. तरीही लोकांच्या डोक्यात ‘बंदी’ तशीच बसून आहे, कारण बंदीची बातमी पहिल्या पानावर येते आणि ती उठल्याची आतल्या.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर न्यायालय नेहमी पुस्तकाच्या बाजूने असतं असा समज व्हायचा. आर. व्ही. भसीन यांच्या इस्लामवरच्या पुस्तकावर महाराष्ट्र शासनाने २००७ मध्ये घातलेली बंदी जानेवारी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम ठेवली. एकच न्यायालय, तीन वर्षांच्या आत दोन निकाल. त्यामुळे ‘कोर्टात काय होईल’ याचा अंदाज बांधून पुस्तक काढू नका आणि त्या अंदाजावर छातीठोकपणे मिरवूही नका.

आता निवेदनाकडे. लोक येतात तेव्हा पहिली पंधरा मिनिटं महत्त्वाची. निवेदन घ्या, आवक क्रमांक टाका, तारीख-शिक्क्यासह पोच द्या. पोच दिल्याने तुम्ही मागणी मान्य केली असं होत नाही. उलट ‘यांनी निवेदनच घेतलं नाही’ ही दुसऱ्या दिवशीची बातमी टळते. पुस्तकावर चर्चा करू नका. ‘ग्रंथालयाच्या पद्धतीप्रमाणे समितीपुढे ठेवतो आणि लेखी कळवतो’ एवढंच वाक्य, तीनदा म्हणावं लागलं तरी तेच. पुस्तक त्यांच्या हातात देऊन फोटो काढू देऊ नका. ‘कोणी-कोणी नेलंय ते दाखवा’ अशी मागणी हमखास येते. देवघेवीची नोंद कोणालाही दाखवायची नाही, अगदी कार्यकारी मंडळाच्या सदस्यालाही सहज म्हणून नाही. वाचकाचं नाव गावात फिरलं की पुढचा वाचक ते पुस्तक मागायला धजत नाही.

संध्याकाळी तुम्ही एकट्या किंवा एकटे असाल आणि जमाव चढलेला असेल, तर यातलं काहीही करू नका. वाचकांना बाहेर काढा, ११२ ला फोन करा, कार्यवाहांना कळवा. ग्रंथपालाच्या तुटपुंज्या मानधनात पुस्तकासाठी मार खाणं बसत नाही.

निवेदनात बहुधा ‘आक्षेपार्ह मजकूर’ एवढंच असतं. त्यावर समिती काय विचार करणार? म्हणून आक्षेपाचा एक पानी नमुना तयार ठेवा आणि निवेदनकर्त्यांपैकी एकाला तो भरायला सांगा. त्यात नाव-पत्ता, सभासद क्रमांक असल्यास तो, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष, आक्षेप कोणत्या पानांवर, पुस्तक पूर्ण वाचलं आहे का, आणि नेमकी मागणी काय, एवढे रकाने पुरेत. आवृत्तीचा रकाना विसरू नका. पहिल्या आवृत्तीतला वादग्रस्त परिच्छेद पुढच्या आवृत्तीत लेखकाने बदललेला असतो आणि लोक जुन्या आवृत्तीच्या पानाचा फोटो घेऊन येतात. पानांचा रकाना आला की निम्मे आक्षेप तिथेच विरतात, कारण पुस्तक कोणी उघडलेलंच नसतं. जे उरतात ते खरे आक्षेप, त्यांचा मान ठेवायचा.

निर्णय होईपर्यंत पुस्तक मांडणीवरच राहील, हा नियम. याला अपवाद परिस्थितीनुसार करावा लागतो. एकच प्रत आहे, दुर्मीळ आहे, फाडली जाण्याची भीती आहे, अशा वेळी ती संदर्भ विभागात घ्या, ‘ग्रंथालयात बसून वाचण्यासाठी’ अशी नोंद करा आणि त्या नोंदीवर संपण्याची तारीख लिहा. तारीख नसली की तात्पुरतं कपाट कायमचं होतं. सूचीतली नोंद मात्र कोणत्याही परिस्थितीत काढायची नाही. पुस्तक नजरेआड गेलं तरी ते आहे हे सूचीवरून कळतं, सूचीतून गेलं की ते कधी होतं हेच कोणाला कळत नाही.

समिती तीन ते पाच जणांची पुरे. ग्रंथनिवड समितीतले दोघे, बाहेरचा एक जाणकार, म्हणजे महाविद्यालयातले इतिहासाचे किंवा मराठीचे प्राध्यापक वगैरे, आणि एक नियमित वाचक. आक्षेप घेणारा त्यात नको आणि ते पुस्तक ज्याच्या आग्रहाने घेतलं तोही नको. सगळ्यांनी पुस्तक खुणा केलेल्या पानांपुरतं नव्हे, पूर्ण वाचायचं. एकच प्रत असेल तर फिरवायला वेळ लागतो, म्हणून तीस दिवसांची मुदत ठेवा.

मोजपट्टी कोणती, हा समितीत पहिला वाद होतो. इथे जुना नागपूरचा निकाल कामाला येतो. नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी चाळीसच्या दशकात सांगितलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने जोखायचा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा सगळीकडे धोका दिसणाऱ्या माणसाच्या मापाने नाही. सर्वोच्च न्यायालयानेही पुढे हीच कसोटी उचलून धरली. समितीच्या इतिवृत्तात हे वाक्य लिहून ठेवलंत तर चर्चा ‘मला नाही आवडलं’वरून पुढे सरकते. दुसरी गोष्ट, मजकूर सबंध पुस्तकाच्या संदर्भात वाचायचा. इतिहासाच्या पुस्तकात लेखक एखादी दंतकथा नोंदवून ती खोडत असतो आणि आक्षेप नेमका त्या दंतकथेच्या चार ओळींवर असतो.

निर्णय बहुधा तीनच प्रकारचे निघतात. आहे तिथे ठेवणे. विभाग बदलणे, म्हणजे चुकून बालविभागात लागलेलं पुस्तक प्रौढ विभागात नेणे. आणि क्वचित काढणे: कायदेशीर आदेश असेल तर, किंवा पुस्तक मुळात चुकून घेतलं असेल, उदाहरणार्थ आरोग्य विभागात शिरलेलं घातक उपचारांचं पुस्तक. चौथा पर्याय कोणीतरी सुचवतंच: ‘वादग्रस्त’ असा शिक्का किंवा लाल पट्टी लावू. तो टाळा. पट्टी लावलेलं पुस्तक एकतर सगळे नेतात किंवा कोणीच नेत नाही आणि उद्या दुसरा गट येऊन विचारतो, आमच्या विरोधातल्या पुस्तकाला पट्टी का नाही?

आक्षेपकर्त्याला लेखी उत्तर जायलाच हवं. मसुदा असा चालेल: ‘आपला दि. … चा आक्षेप मिळाला. ग्रंथालयाच्या समितीने सदर पुस्तक पूर्ण वाचून विचार केला. पुस्तकाबाबत शासनाची अथवा न्यायालयाची मनाई ग्रंथालयाच्या माहितीत नाही. पुस्तक अभ्यासविषयक असून ते ग्रंथालयात ठेवण्याचा निर्णय समितीने घेतला आहे. या विषयावरील वेगळ्या मताचे पुस्तक आपण सुचवल्यास ग्रंथनिवड समिती त्याचा विचार करेल. निर्णय मान्य नसल्यास कार्यकारी मंडळाकडे ३० दिवसांत अर्ज करता येईल.’ शेवटून दुसरं वाक्य नुसतं सौजन्याचं नाही. विरोधी मताचं पुस्तक मागवून शेजारी ठेवता येतं आणि कोणी सुचवलं तर घ्यावंही. पाठोपाठ एक ठराव करून घ्या की एकदा निर्णय झालेलं पुस्तक नवं कारण नसेल तर दोन वर्षं पुन्हा समितीपुढे येणार नाही. नाहीतर दर महिन्याला तेच निवेदन वेगळ्या लेटरहेडवर येतं.

असे नमुने आणि समित्या अमेरिकेतल्या ग्रंथालयांत फार दिवस रुळलेल्या आहेत. तिथे एका शालेय मंडळाने पुस्तकं काढल्याचं प्रकरण १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. आपल्याकडे रोख बहुतेक वेळा लेखकावर, प्रकाशकावर असतो आणि ग्रंथालय वाटेत सापडतं. म्हणून त्यांचे नमुने जसेच्या तसे उचलू नका. आपल्याला आवक-जावक आणि इतिवृत्त जास्त उपयोगी पडतं.

कार्यवाहांच्या सूचनेबद्दल स्पष्ट सांगतो: निर्लेखन हा यावरचा मार्ग नाही. निर्लेखन जीर्ण, पानं गळालेल्या, कालबाह्य, जादा प्रती असलेल्या किंवा वर्षानुवर्षं न हललेल्या पुस्तकांचं करतात. दाखल क्रमांकासह, म्हणजे नोंदवहीतल्या त्या प्रतीच्या क्रमांकासह, यादी होते, मंडळाचा ठराव होतो, कारणाचा रकाना भरावा लागतो. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं, धड बांधणीचं, मागणी असलेलं पुस्तक त्या यादीत दिसलं की तपासणीला आलेला माणूस नेमकं त्यावर बोट ठेवतो. कारणात ‘जीर्ण’ लिहिलंत तर खोटी नोंद, ‘निवेदन’ लिहिलंत तर त्याला आधार नाही, आणि दोन्हीखाली सही तुमची. कार्यवाहांना हे असंच सांगा. तत्त्वाच्या गोष्टींपेक्षा लेखापरीक्षणाची भाषा मंडळाला लवकर कळते. तरीही त्यांचा आग्रह असेल तर ‘तोंडी नको, ठराव करून द्या’ म्हणा. सूचकाचं आणि अनुमोदकाचं नाव लिहायची वेळ आली की आग्रह बराच मवाळ होतो. मंडळाने रीतसर ठराव केलाच, तर नोकर म्हणून तुम्हाला तो पाळावा लागेल. तुमचा वेगळा अभिप्राय टिपणीत लिहून ठेवा.

पोलीस आले तर? अधिसूचना असेल तर विरोध करायचा नाही. अधिसूचनेची प्रत मागा, पंचनाम्यात पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि दाखल क्रमांक लिहून घ्या, पंचनाम्याची प्रत आणि पावती ठेवून घ्या. जागेची झडती घ्यायची असेल तर दंडाधिकाऱ्याचं वॉरंट लागतं आणि ते उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या नावाने निघत नाही. हे शांतपणे विचारता येतं. नोंदवहीच्या शेरा रकान्यात ‘अधिसूचना क्र. …, दि. … अन्वये जप्त’ असं लिहा, ‘बाद’ लिहू नका. आदेश उद्या रद्द झाला तर ज्याच्यावर ‘बाद’ लिहिलं ते पुस्तक परत मागायचा मुद्दाच उरत नाही. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात पुरावा म्हणून प्रत नेत असतील तर कलम वेगळं असतं, पण पंचनामा आणि पावती तिथेही हवीच.

अधिसूचना नसताना पोलीस ठाण्यात ‘बसून मिटवू’ म्हणून बोलावणं येतं, ते जास्त अवघड. तिथे दोन्ही बाजूंना बसवून एक कागद पुढे करतात: ‘पुस्तक काढून टाकण्यास तयार आहे.’ जानेवारी २०१५ मध्ये तामिळनाडूत नामक्कलला तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांच्याकडून अशाच शांतता बैठकीत लिहून घेतलं गेलं होतं. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं की त्या समझोत्याला बंधनकारक बळ नाही. पण त्याला दीड वर्ष लागलं. म्हणून जाताना एकटे जाऊ नका, कार्यवाह किंवा अध्यक्षांना बरोबर घ्या. ‘निर्णय कार्यकारी मंडळाचा आहे, मला एकट्याला लिहून देण्याचा अधिकार नाही’ हे उत्तर खरंही आहे आणि सोयीचंही.

‘पुस्तक ठेवल्याबद्दल माझ्यावर गुन्हा होईल का?’ मनाई नसलेलं, खुल्या बाजारात मिळणारं पुस्तक ग्रंथालयात ठेवलं एवढ्यावरून धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा सिद्ध होणं कठीण, कारण त्या कलमाला हेतुपुरस्सर, दुष्ट हेतूने केलेली कृती लागते. तक्रार मात्र कोणीही कोणाविरुद्धही करू शकतो आणि त्यात हेलपाटे घालावे लागतात. तेव्हा आवक नोंद, समितीचं इतिवृत्त, लेखी उत्तर ही फाईलच तुमचा बचाव असते. पुस्तकातला उतारा ग्रंथालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून ‘पाहा बरं यात काय आहे’ असं मात्र करू नका. पुस्तक उपलब्ध ठेवणं वेगळं आणि निवडक ओळी पसरवणं वेगळं.

आता शाळेची पेटी. इथे माझं उत्तर थोडं वेगळं आहे. प्रौढ वाचकाने काय वाचावं हे ग्रंथपालाने ठरवू नये. चौथीच्या आणि दहावीच्या पेटीत फरक करणं हे मात्र ग्रंथपालाचं कामच आहे. कायदाही इथे जास्त कडक आहे. अश्लील ठरणारं साहित्य अठरा वर्षांखालच्या मुलाला देणं हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. पण शिवी आली किंवा शरीरसंबंधाचा उल्लेख आला म्हणजे पुस्तक अश्लील झालं, असं नाही. याचा सर्वोच्च न्यायालयातला एक महत्त्वाचा निकाल मराठी कथेवरचाच आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचं ठरवलं. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की कादंबरीतला प्रत्येक लैंगिक उल्लेख किशोरांना वर्ज्य ठरवला, तर त्यांच्या हाती निव्वळ धार्मिक पुस्तकंच उरतील.

दलित आत्मकथनातली शिवी ही त्या जगण्याची भाषा असते. ती गाळली तर ज्या अपमानाबद्दल लेखक लिहितो तो अपमानच गायब होतो. नववीतल्या मुलीला हे समजतं, बरेचदा पालकांच्या अंदाजापेक्षा जास्त. तरीही तक्रार करणाऱ्या पालकाला झिडकारू नका. आपल्या मुलीने काय वाचावं यावर बोलायचा त्यांना हक्क आहे, वर्गातल्या बाकीच्या चाळीस मुलांबद्दल ठरवायचा नाही. व्यवहारात तोडगा सोपा: त्या एका मुलीच्या वाचनपत्रावर पालकांची सूचना नोंदवायची, पुस्तक पेटीत ठेवायचं. पेटी पाठवताना पुस्तकांची यादी दोन प्रतींत करा आणि इयत्तांचा गट लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या. शाळेच्या आवारात काय वाटायचं हा त्यांचा अधिकार आहे. त्यांनी पुस्तक नको म्हटलं तर ते परत घेऊन ग्रंथालयाच्या मांडणीवर लावा, मुलगी आईबरोबर येऊन नेऊ शकते. फक्त मुख्याध्यापकांनीही ‘नको’ हे यादीवर लिहून द्यावं.

या सगळ्यापेक्षा जास्त पुस्तकं खरेदीच्या वेळी गळतात आणि त्याची तक्रार कोणी करत नाही. विक्रेत्याची यादी समोर आल्यावर ‘हे कशाला, उगाच डोक्याला ताप’ म्हणून पेन्सिलीने मारलेली फुली ही कोणत्याही निवेदनाशिवाय झालेली बंदी असते. यावर एकच उपाय: ग्रंथनिवडीचं एक पानी धोरण मंडळाकडून मंजूर करून घ्या. वादग्रस्त विषयांवर निदान दोन बाजूंची पुस्तकं असावीत, लेखकाच्या जातीधर्मावरून किंवा पक्षावरून पुस्तक नाकारू नये, नाकारलेल्या मागणीचं कारण नोंदवावं, अशी पाच-सहा कलमं पुरतात. निवेदन यायच्या आधी मंजूर झालेलं हे पान हाती असेल तर निवेदनाच्या दिवशी तुम्ही व्यक्ती म्हणून नव्हे, ग्रंथालय म्हणून बोलता.

तुमच्यापुरतं पुढच्या आठ दिवसांचं काम असं: आज निवेदनाची आवक नोंद आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पत्र, दोन दिवसांत राजपत्राचा शोध, आठवड्याच्या आत मंडळाची तातडीची सभा बोलावून समितीचा आणि तीस दिवसांच्या मुदतीचा ठराव, आणि ‘आठ दिवस’ संपण्याआधी निवेदनकर्त्यांना ‘विषय समितीपुढे ठेवला आहे’ असं पत्र. सभेची तारीख पुढे ढकलू देऊ नका.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. निवेदनाने काम झालं नाही की दोन-तीन आठवड्यांनी एखादा नवा सभासद होतो, तेच पुस्तक नेतो आणि परत करत नाही. त्यावर आरडाओरडा नको. मुदत संपली की नेहमीची स्मरणपत्रं, मग अनामतीतून आजच्या बाजारभावाने किंमत वसूल, आणि त्या पैशातून तीच प्रत पुन्हा. नव्या दाखल क्रमांकासमोर शेरा रकान्यात जुना क्रमांक लिहायला विसरू नका.